नेत्याविरुद्ध बातमी छापताना: अमेरिकेची कसोटी आणि आपली

आमदाराच्या गैरव्यवहाराची बातमी तुमच्या हातात आहे आणि छापावी की नाही ते ठरत नाहीये. मग आधी बघा, चूक निघाली आणि बदनामीचा दावा झाला तर कोर्टात कोणी काय सिद्ध करायचं.

अमेरिकेत १९६४ च्या सुलिव्हन खटल्यापासून हे ओझं नेत्यावर आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'मधल्या एका जाहिरातीने बदनामी झाली म्हणून अलाबामातल्या माँटगोमेरीचे आयुक्त सुलिव्हन यांना ज्युरीने ५ लाख डॉलर मंजूर केले होते. त्या जाहिरातीत चुका होत्याच, तरी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. मजकूर खोटा असल्याचं छापणाऱ्याला माहीत होतं किंवा खऱ्याखोट्याची त्याने पर्वाच केली नाही, हे नेत्याने भक्कम पुराव्याने दाखवायचं. नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. १९६७ पासून पदावर नसलेल्या प्रसिद्ध व्यक्तींनाही हीच कसोटी लागते. सत्तेवर टीका करायची तर मला हीच न्याय्य वाटते.

पण तिच्या भरवशावर इथे छापू नका. १९९४ च्या राजगोपाल निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तसंच म्हटलं, मात्र ते सरकारी पदावरच्या माणसाच्या अधिकृत कामापुरतं. आणि वाजवी शहानिशा केली होती, हे छापणाऱ्याने दाखवायचं. बदनामीची फौजदारी फिर्याद वेगळीच. २०१६ मध्ये न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तिथे मजकूर खरा असूनही भागत नाही, तो लोकहितासाठी छापला हेही पटवावं लागतं.

पुण्याचं उदाहरण बोलकं आहे. २००८ मध्ये 'टाइम्स नाऊ'ने एका घोटाळ्याच्या बातमीत नामसाधर्म्यामुळे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं छायाचित्र दाखवलं. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटींची भरपाई ठरवली. स्थगितीसाठी उच्च न्यायालयाने २० कोटी भरायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं. सुलिव्हनच्या कसोटीवर निव्वळ अशा गफलतीचा दावा टिकणं फार अवघड.

म्हणून कागदपत्रं, तारखांसह टिपणं आणि समोरच्याला पाठवलेले प्रश्न जवळ असतील तर जरूर छापा. ऐकीव माहिती असेल तर थांबा. न्यू जर्सीतून मराठी पोर्टल चालवत असाल, तर २०१० च्या अमेरिकी कायद्यामुळे त्यांच्या अभिव्यक्तीच्या निकषांत न बसणारा बदनामीचा परदेशी निकाल अमेरिकेत वसूल होत नाही. नाशिकची जमीन आणि गावी येणं-जाणं यांना मात्र ते संरक्षण नाही.