बालबेकची स्फिहा की लहम बि अजीन?

लेबनॉनमध्ये दोन्ही खातात: खिमा लावून भाजलेल्या पिठाच्या पोळ्या. बालबेक हे तिथलेच एक शहर. दोन्हींवर मेंढीच्या मटणाचा कच्चा खिमा, कांदा, टोमॅटो. फरक घडणीत. लहम बि अजीन म्हणजे पातळ गोल पोळी, खिमा बोटांनी दाबत कडेपर्यंत पसरायचा. 250 अंशांच्या ओव्हनमध्ये पटकन भाजते. वर लिंबू पिळा, गुंडाळा, खा.

बालबेकची स्फिहा चिमुकली, चौकोनी. चारही कोपरे घट्ट चिमटायचे, नाहीतर भाजताना उघडतात. तिथे लोक खाटकाकडून खिमा तयार करून घेतात आणि भट्टीवाल्याकडून भाजून आणतात. घरी मात्र शेवटच्या ताटापर्यंत कंबर धरते. पण मधे साठलेला चरबीचा रस, डाळिंबाच्या आटवलेल्या रसाचा आंबटपणा, सोबत गार दही! पाहुणे असतील तर मी हीच करीन. कांदा-टोमॅटो दोन्हीकडे पिळूनच घ्या, नाहीतर तळ गिच्च होतो.