कोगानेईचे खुले वास्तुसंग्रहालय : घराघरांतून उलगडणारी जपानी वास्तुकला

जपानी घर कसकसे बदलत गेले, हे ज्यांना खरोखर समजून घ्यायचे आहे त्यांनी तोक्योच्या पश्चिमेकडील कोगानेई उद्यानातले एदो-तोक्यो खुले वास्तुसंग्रहालय अवश्य पाहावे. १९९३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सुमारे सात हेक्टर जागेत तीस इमारती जतन केल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा आतून पाहता येतात. मी गेले तेव्हा प्रवेशशुल्क ४०० येन होते. मुसाशी-कोगानेई स्थानकावरून बस मिळते. सोमवारी संग्रहालय बंद असते.

प्राचीन काळ मात्र येथे शोधू नये. सातव्या शतकात स्थापन झालेले होर्यूजी मंदिर, जेथे जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती अजून उभ्या आहेत, ते नारा प्रांतातच जाऊन पाहायला हवे. येथला प्रवास एदो काळापासून (१६०३ ते १८६८) सुरू होतो, पण तो फार जिवंत आहे. गवताने शाकारलेल्या शेतकरी घरांत स्वयंसेवक इरोरी, म्हणजे जमिनीतली चौकोनी चूल, पेटवतात. तिच्या धुराने छपरातली कीड मरते आणि गवत कोरडे राहते. काळ्याभोर तुळयांखाली बसल्यावर मला कोकणातल्या आजोळच्या स्वयंपाकघराचा वास आठवला.

पुढे १९२९ सालचे कोदाकारा-यू हे सार्वजनिक स्नानगृह लागते. रोजच्या आंघोळीची ही जागा, पण प्रवेशद्वारावर मंदिराला शोभेल असे कमानदार छप्पर आणि आत भिंतभर फुजी पर्वताचे चित्र! साध्या माणसाच्या नित्यकर्माला एवढा मान देणारी इमारत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

माझ्या मते सर्वांत मोलाची वास्तू म्हणजे वास्तुविशारद माएकावा कुनिओ यांनी १९४२ साली स्वतःसाठी बांधलेले घर. चंडीगढमुळे आपल्या परिचयाचे असलेले आधुनिक शैलीचे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या पॅरिसमधील कार्यालयात माएकावा १९२८ ते १९३० या काळात काम करत होते. पण युद्धामुळे बांधकामाचे साहित्य आणि घराचे क्षेत्रफळ या दोन्हींवर निर्बंध आले असताना त्यांनी लाकडाचे, दुपाखी छपराचे, बाहेरून अगदी पारंपरिक वाटणारे घर उभारले. दर्शनी बाजूला, आढ्याच्या बरोबर खाली, मधोमध एक गोल खांब आहे. दर वीस वर्षांनी नव्याने बांधल्या जाणाऱ्या इसे येथील देवस्थानातही आढ्याला असाच खांब असतो, हे ज्याला माहीत आहे तो येथे थबकल्याशिवाय राहत नाही. दार उघडून आत गेले, की दोन मजल्यांइतकी उंच बैठकीची खोली समोर येते आणि दक्षिणेकडच्या मोठ्या जाळीदार खिडकीतून उजेड थेट माडीपर्यंत पोहोचतो. छप्पर जपानी, मोकळा अवकाश आधुनिक, आणि दोहोंत कुठेही सांधा दिसत नाही.

१९७३ साली हे घर उतरवले, तेव्हा त्याचे सुटे भाग टाकून न देता जपून ठेवले होते, म्हणूनच ते येथे पुन्हा उभे राहू शकले. बाकीच्या इमारती भराभर पाहिल्या तरी चालतील, पण या घरासाठी, शक्यतो ऊन असताना, निदान एक तास राखून ठेवावा.