निचऱ्याच्या तोंडावरचं फळ्यांचं चेंबर : आठ महिने वापरल्यानंतर

शेताखाली साधारण एक मीटर खोल सच्छिद्र पाईप आहेत. पाणी ओढणं एवढंच त्यांना ठाऊक. पीक उभं असो की रान मोकळं, ते वाहतच राहतात. आठ महिन्यांपूर्वी, कापणी झाल्यावर, पाईप जिथे ओढ्याला मिळतो त्याच्या अलीकडे हे चेंबर बसवलं. आत उभ्या खाचा, त्यांत एकावर एक बसणाऱ्या फळ्या. जेवढ्या फळ्या चढवाल तेवढं पाणी जमिनीत तुंबतं, त्यावरचं तेवढं बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही.

घेतलं ते नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) वाहून जाऊ नये म्हणून. मातीच्या कणांवर बहुतांशी ऋण भार आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी निघालं की तेही निघालं, आणि पुढे ओढ्यात शेवाळ माजतं.

पहिल्या महिन्यात मी चक्क वैतागलो होतो. चाचणीची पट्टी निचऱ्याच्या पाण्यात बुडवायची, मिनिटभराने रंग बघायचा. फळ्या चढवण्याआधी गडद गुलाबी, चढवल्यावरही तोच गुलाबी. लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र, म्हणजे नायट्रेटमधलं फक्त नत्र. म्हटलं, पैसे पाण्यात गेले. (पट्टी घेताना डबीवर नीट वाचा. काहींवर ‘नायट्रेट’ असतं, काहींवर ‘नायट्रेट-नत्र’. दुसऱ्याचे १० म्हणजे पहिल्याचे जवळपास ४४.)

मग बादली लावली. फळ्यांआधी १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरायची. म्हणजे दिवसाला जवळपास ६५ हजार लिटर पाणी आणि त्यातून १.३ किलो नत्र, युरियाच्या हिशेबात पावणेतीन किलोंहून थोडं जास्त. फळ्या चढवल्यावर पाऊस नसताना तोंडाशी नुसती थेंबथेंब गळती. तेव्हा उजेड पडला : लिटरमागचं प्रमाण फारसं घटत नाही, घटतात ते लिटर! अडवलेल्या पाण्यातलं थोडं नायट्रेट हवा न मिळणाऱ्या मातीत जिवाणू वायू करून सोडतात, थोडं पिकाला मिळतं. आणि थोडं आणखी खाली किंवा बांधाखालून बाजूला झिरपत असणार, तेव्हा ‘सगळं वाचलं’ असं मी म्हणणार नाही.

राबता मात्र ठेवावा लागतो. पेरणीआधी दोन आठवडे फळ्या काढल्या, नाहीतर वापसा येत नाही आणि ट्रॅक्टर रुततो. एका दिवसात सगळ्या काढू नका, साठलेलं पाणी नायट्रेटसकट एकदम सुटतं. मी तीन दिवसांआड एक काढली. मका गुडघ्यापर्यंत आल्यावर पुन्हा चढवल्या, वरची फळी जमिनीपासून ६० सेंटिमीटर खाली राहील अशी. मधल्या उघडिपीत वरची माती भेगाळली तरी खालची ओलसर होती.

चूक झाली ती त्यानंतर. सलग पाऊस होता, उद्या काढू म्हणत चार दिवस घालवले. खालच्या कोपऱ्यातला मका पिवळा पडला आणि तो कोपरा अखेरपर्यंत मागेच राहिला. त्यात माझ्या शेताचा उतार एका टक्क्याच्या आसपास. वरच्या अंगाला पाणी चढतच नाही, खालचं अंग बुडतं. अर्ध्या टक्क्याच्या आतलं सपाट रान असेल तरच एका चेंबरवर भागेल. जास्त उतार असेल तर दुसरं लागेल, किंवा नादच सोडा.

स्फुरदासाठी (फॉस्फरस) घेणार असाल तर घेऊ नका. ते बरंचसं मातीला चिकटून पृष्ठभागावरून वाहून जातं, आणि भूजल वर असताना जोराची सर आली की वरून वाहणारं पाणी उलट वाढतं. मी ओढ्याकडेला गवताचा पट्टा सोडला आहे.

तक्रारी किरकोळ. खाचेत खडा अडकला की रबरी सील गळतं, आणि तळाचा गाळ दोनदा उपसावा लागला. फळ्या ओढायचा हुक दोरीने झाकणाला बांधून ठेवा. माझा एकदा आत पडला. तो काढायला पाणी उतरवायला हवं, पाणी उतरवायला फळ्या काढायला हव्यात, आणि फळ्या काढायला हुक.