चुना विरवून घरपोच देतो म्हणणारा माणूस

मातीच्या विटांची एक खोली आणि तिला चुन्याचा गिलावा, एवढंच काम होतं. सिमेंट मला नकोच होतं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. चुना त्या ओलीला वाट देतो, सिमेंट तिला कोंडून ठेवतं. चुना जवळच्याच भट्टीतला मिळाला तर लांबून ट्रक आणायला नको, हाही हिशेब होता.

जवळचा विक्रेता मिळाला. बोलायला गोड, आजोबांपासूनचा धंदा वगैरे. त्याने भट्टी दाखवली आणि मी हरखून फोटो काढत राहिले. भट्टीच्या तोंडाशी गुडघाभर गवत वाढलं होतं. तेही फोटोत आलंय, पण मला ते दिसलं चार महिन्यांनी.

नमुना म्हणून त्याने पिशवीभर कळीचा चुना दिला, म्हणजे भट्टीत भाजलेली, अजून पाणी न लागलेली चुनखडी. तो अस्सल होता. ढेकूळ हातात घेतलं तर त्या आकाराच्या दगडापेक्षा हलकं. बादलीतल्या पाण्यात सोडलं, क्षणभर काहीच झालं नाही, मग ते तडकलं, फुललं आणि पाणी रटरटू लागलं. मी तिथेच ऑर्डर दिली.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, कळी घरी पाण्यात विरवायची म्हणजे धोक्याचं काम. डोळ्यात उडालं तर काय करता? आम्हीच विरवून, चाळून, पोत्यांत भरून पाठवतो."

धोका खोटा नाही, म्हणून तर मी भुलले. पण खरी गोम इथेच आहे. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घातली तर कळी ५६ किलोच उरते. या कळीवर पाणी पडलं की ती तापते. एकदा विरली की पुन्हा तापत नाही. म्हणजे विरलेल्या चुन्याची भुकटी पाण्यात टाका, नाहीतर न भाजलेल्या चुनखडीचं पीठ टाका, दोन्ही पांढरी आणि दोन्ही थंडच. विरवण्याचं काम माझ्या हातून काढून घेतलं, तिथेच माझ्याकडची सगळ्यात सोपी परीक्षाही गेली.

पोती आली. काम झकास झालं, दुसऱ्याच दिवशी गिलावा टणक. गवंडीमामा थापी टेकवून म्हणाले, "ताई, चुना इतक्या लवकर धरत नाही हो." मला ते कौतुक वाटलं! साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेत घट्ट होतो, त्याला आठवडे, महिने लागतात. मामांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, याची लाज पैशांपेक्षा जास्त वाटते.

पावसाळ्यानंतर पोपडे सुटले. एक ताटाएवढा पोपडा मी नखाने ओढला तर अलगद हातात आला. त्याच्या पाठीला बोटभर माती चिकटलेली, ओली, चिखलासारखी.

खात्री पटली ती मात्र डब्यामुळे. उरलेला कालवलेला माल मी झाकणबंद डब्यात ठेवला होता. विरलेला चुना पाण्याखाली, हवेपासून झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं लोण्यासारखा राहतो. माझ्या डब्यात धोंडा झाला होता. म्हणजे त्यात सिमेंट होतं. एका पोत्यात मूठभर कोरडी भुकटी उरली होती, तिच्यावर व्हिनेगर ओतलं तर सोड्यासारखा फेस आला. जुन्या, हवा लागलेल्या चुन्यालाही थोडे बुडबुडे येतात, त्यावर लगेच कुणाला चोर ठरवू नका. पण इथे भांडं उतू गेलं. बहुतेक चुनखडीचंच पीठ, आणि धरायला सिमेंट. ('चुना लावला'वरचे सगळे विनोद घरात करून झालेत, ते इथे नकोत.)

विक्रेत्याला फोन केला. आधी "तुमच्या गवंड्याने बिघडवलं", मग फोन उचलणंच बंद. बिल काढून पाहिलं तर त्यावर चुना हा शब्दच नव्हता. 'पांढरी पावडर, पोती' एवढंच. तक्रार कशाची करणार?

आता दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतलाय, ढेकळंच. गाडी रिकामी व्हायच्या आत वेगवेगळ्या पोत्यांतली चार ढेकळं फोडून पाण्यात टाकली. नमुना त्याच्या हातून घ्यायचा नाही, आपण उपसून काढायचा. एक अर्धंच विरलं, आत कच्चा दगड निघाला. भट्टीत असं थोडं होतंच, पण चाळणीवर जे उरलं ते वजन करून त्याच्या हिशेबातून कापलं, आणि त्याने कुरकुर न करता कापू दिलं. विरवताना पाणी आधी आणि कळी त्यात थोडी थोडी, उलटं नाही. डोळ्यांना चष्मा, हातात लांब दांडा, आणि टाकीवर झाकण ठेवायचं नाही. दर्प नाकाशी आला तर तोही ओळखा: लसणासारखा वास म्हणजे गॅस वेल्डिंगच्या कार्बाइडचा उरलेला गाळ असू शकतो.

या वेळी बिलावर 'कळीचा चुना, न विरवलेला' असं लिहून घेतलं. तो लिहीत होता तोवर मामांनी टाकीत पाणी सोडलं होतं.