सांगलीतलं विषयनिवड मार्गदर्शन: बी.एस्सी. पहिलं सत्र

विश्रामबागेतल्या या केंद्राचं काम चोख. गणित, भौतिक, रसायन असं त्रिकूट घेऊ पाहणाऱ्यांपुढे आधी तासांचा हिशेब मांडतात. थिअरीच्या एका क्रेडिटला (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक) सत्रभरात 15 तास, प्रॅक्टिकलच्या क्रेडिटला 30. म्हणजे 2 क्रेडिटचं प्रॅक्टिकल 15 आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला 4 तास खातं, वर जर्नल लिहिणं वेगळंच! बारावीचं डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन कच्चं असेल तर भौतिकशास्त्रही तिथेच अडतं, हेही तोंडावर सांगतात. खटकलं एकच: कवठेमहांकाळ, जतहून एसटीने येणाऱ्यांचा प्रवास हिशेबात धरतच नाहीत. संध्याकाळची गाडी चुकवणारी बॅच कागदावरच शोभते. फी वाजवी. कॉलेजचं वेळापत्रक हातात घेऊनच जा, नाहीतर सल्ला मोघम मिळतो.