फाइल अपलोड करायची की मकरपुऱ्याला जायचं?

दिवे, मखर, फोनचे स्टँड, छोटे शेल्फ असं काहीतरी स्वतः आखून त्याचे थोडेच नग बनवून घेणारी बरीच मंडळी ओळखीत आहेत, आणि त्यांच्यातला जो नवीन असतो तो हमखास विचारतो की फाइल ऑनलाइन टाकून पार्ट घरपोच मागवू की जीआयडीसीत (गुजरातच्या औद्योगिक वसाहतीत) कोणाला तरी गाठू. मी दोन्ही केलंय, अजूनही दोन्ही करतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. डीएक्सएफ म्हणजे मशीनला द्यायची ड्रॉइंगची फाइल, फायबर लेझर मुख्यतः धातूला आणि सीओटू लेझर लाकूड, अॅक्रिलिकला, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. आणि मी बडोद्याचा, दांडिया बाजारातून मकरपुरा जीआयडीसी स्कूटरवर जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे ज्याच्या गावात अशी वसाहतच नाही त्याचा हिशोब वेगळा असणार हे आधीच मान्य.

पहिल्यांदा ऑनलाइनचं. ही सोय आली तेव्हा मला फार मोठी वाटली होती आणि आजही वाटते. 2007 मध्ये न्यूझीलंडला फाइलवरून लेझरने कापून देणारं पोनोको सुरू झालं, त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या आतून 3डी प्रिंट करून देणारं शेपवेज निघालं, आणि कारखान्याशी कसलाही संबंध नसलेला माणूस आपल्या खोलीत बसून एक नग बनवून घेऊ शकतो हे सर्रास खरं व्हायला लागलं. त्याआधी "एकच नग हवाय" म्हटलं की समोरचा पुढचं ऐकायचाच नाही, आणि त्याचंही चूक नव्हतं, मशीन लावायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात त्याचा दुसरा जॉब निघतो.

शिवाय भाव लगेच दिसतो हे लोकांना फक्त सोयीचं वाटतं पण त्याचा खरा फायदा शिकण्यात आहे. रात्री अकराला फाइल टाका, दहा भोकं काढून टाका, भाव बदललेला दिसेल, एक बेंड कमी करा, परत बदलेल, एका नगाचा भाव आणि दहा नगांचा भाव शेजारी शेजारी बघा आणि मग डोक्यात बसतं की पैसे मटेरियलचे कमी आणि मशीन लावण्याचे, कापाच्या लांबीचे जास्त असतात. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही. दुसरं म्हणजे पोर्टल तुम्हाला तुम्ही कोण असं विचारत नाही. फाइन आर्ट्सची एखादी मुलगी एकटी वर्कशॉपमध्ये गेली की पहिला प्रश्न येतो "कोणी पाठवलं?", तिच्या ड्रॉइंगकडे नंतर बघतात. पोर्टलवर तिची फाइल आणि मोठ्या कंपनीची फाइल सारखीच. ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

आता माझं मत जिथे फिरलं ते सांगतो.

मी एक देव्हारा केलाय, फ्लॅटच्या भिंतीवर अडकवता येईल असा, सपाट खोक्यात मावणारा. बाजू, माथा, दोन दारं सगळं चार एमएमच्या टीक प्लायमधून, खाचेत खाच बसते, खिळा कुठेच नाही. फाइल एका पोर्टलवर टाकली. पार्ट आले, मापं बरोबर, कडा स्वच्छ, पॅकिंग बघत राहावं असं. दारं लावली तर डाव्या दारावर सागाची रेषा उभी आणि उजव्या दारावर आडवी.

असं का होतं ते सरळ आहे. शीटवर पार्ट मांडण्याचं काम सॉफ्टवेअर करतं, नेस्टिंग म्हणतात त्याला, आणि शीट कमीत कमी वाया जावी म्हणून ते पार्ट 90 अंशात खुशाल फिरवतं. अॅक्रिलिकला, एमडीएफला त्याने काही होत नाही. व्हिनिअरला, म्हणजे प्लायवरच्या खऱ्या लाकडाच्या पातळ थराला, मात्र सगळंच बिघडतं, आणि प्रश्न नुसत्या दिसण्याचाही नाही, तीन थरांचं पातळ प्लाय वरच्या थराच्या रेषेच्या दिशेने ताठ राहतं आणि त्याच्या आडव्या दिशेने सहज वाकतं, म्हणजे आडव्या रेषेचं ते उंच दार हाताने दाबलं की लवत होतं आणि डावं जागचं हलत नव्हतं. एकाच देव्हाऱ्याची दोन दारं दोन वेगळ्या स्वभावाची. पोर्टलला कळवलं, उत्तर सभ्य भाषेत आलं की पार्ट टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकात) आहेत. आणि खरंच होते! मापात काहीच चूक नव्हती. पुढच्या वेळी शेऱ्याच्या चौकटीत ठळक लिहिलं की रेषा उभी ठेवा, तरी एक बाजूची फळी आडवी आली, कारण तो शेरा वाचणारं त्या साखळीत बहुतेक कोणी नसावं. काही ठिकाणी आता रेषेची दिशा निवडायची सोय असते, तुमच्या पोर्टलवर असेल तर माझी अर्धी तक्रार तिथेच मिटते, ऑर्डर देण्याआधी तेवढं बघून घ्या.

तीच फाइल घेऊन मकरपुऱ्यात एका लेझरवाल्याकडे गेलो. त्याने कोरल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, स्क्रीनवर दोन दारं बघितली आणि शीटला हात लावायच्या आधी विचारलं, "रेषा ऊभी राखवी छे के आडी?" मी काहीच बोललो नव्हतो. मग त्याने शीट उलटीपालटी करून बघितली, एका जागी सागाची नक्षी चांगली होती तिथे दोन्ही दारं शेजारी शेजारी मांडली, म्हणजे डाव्या दारावरची नक्षी उजव्या दारावर पुढे चालू राहील. हे मी मागितलं नव्हतं, मागायचं असतं हेही एखाद्या नवख्याला सुचणार नाही. कापून झाल्यावर शीट लगेच उचलली नाही, ब्लेडच्या टोकाने एकेक पार्ट कोपऱ्यातून थोडा वर करून बघितला, कारण प्लायच्या मधल्या थरात कुठे लांबी (पुट्टी) भरलेली असते, कुठे डिंक साठलेला असतो, तिथे लेझर आरपार जात नाही, आणि शीट हलवायच्या आधी कळलं तर त्याच रेघेवर परत एक हात मारता येतो. शीट हलली की संपलं, मग कटरने सोडवा आणि वरचं व्हिनिअर फाटलेलं बघा.

खाचेचंही तसंच. चार एमएमचं प्लाय चार एमएम कधीच नसतं, एका लॉटमध्ये थोडं कमी, दुसऱ्यात थोडं जास्त, आणि खिळ्याशिवाय बसणाऱ्या वस्तूत तेवढ्यात जोड ढिला तरी पडतो नाहीतर ठोकून बसवावा लागतो. त्यात लेझरचा काप स्वतःच थोडं लाकूड खातो. वर्कशॉपमध्ये मी जाडी मोजायचा व्हर्नियर खिशात ठेवतो, शीट मोजतो, तिथेच फाइलमध्ये खाच सारखी करतो, कोपऱ्यातल्या वाया जाणाऱ्या तुकड्यावर वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांची एक फणी कापून बघतो, जी घट्ट बसली ती पुढे सगळीकडे. ऑनलाइनमध्ये हेच करायचं तर आधी सॅम्पल मागवा, कुरिअरची वाट बघा, आणि खरी ऑर्डर जाईपर्यंत लॉट बदललेला असू शकतो.

धातूच्या कामात मात्र माझं मत इतकं पक्कं नाही. वाकवलेला पत्रा, म्हणजे 18 गेजचे ब्रॅकेट, छोटे बॉक्स वगैरे, यात ऑनलाइनचा अनुभव बहुतेक वेळा चांगलाच आला. बेंडच्या फार जवळ भोक असेल तर सॉफ्टवेअर आधीच लाल करून दाखवतं, फ्लँज, म्हणजे वाकवलेली कड, फार लहान असेल तरी सांगतं, आणि वर्षभराने तोच पार्ट मागवला तर कोन तोच येतो. जीआयडीसीत चांगल्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) प्रेसवर काम गेलं तर हेच मिळतं, पण छोट्या ऑर्डरला तो चांगला प्रेस मिळेलच असं नाही. नायलॉनचे एसएलएस (पावडर लेझरने वितळवून केलेले 3डी) प्रिंट तर मी ऑनलाइनच मागवतो, त्याच्यात वाद नाही. पावडर कोटिंगला (धातूवर भट्टीत भाजून बसवायच्या रंगाला) मात्र परत मकरपुरा, कारण पोर्टलवर काळा, पांढरा आणि अजून एखाद-दुसरा एवढेच रंग, इथे शेड कार्ड पुढे टाकतात आणि पार्ट कापला तिथून दोन गल्ल्या सोडून कोटिंग होतं. फक्त थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा बसतो हे धरून भोकं आणि खाचा मोकळ्या ठेवा, दोन्ही बाजूंनी बसतो तो.

मकरपुऱ्याचे त्रासही सांगायला हवेत, नाहीतर हे एकतर्फी होईल. "काले आवी जजो" (उद्या या) हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा, आणि ते "काले" म्हणजे उद्याच असेल असं नाही. भाव तोंडी, एकाच कामाचा दोन महिन्यांत वेगळा. तुमची फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर कुठे आहे ते ऑपरेटर बदलला की कोणालाच माहीत नसतं. पेन ड्राइव्ह परत आणलात तर घरी लावायच्या आधी स्कॅन करा. आणि डीएक्सएफ उघडताना एमएमचं इंच होण्याचा प्रकार अजूनही चालतो, म्हणून मी प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात 100 एमएमचा एक चौकोन काढून ठेवतो, ऑपरेटरने तो मोजला की मग बाकीचं बरोबर आहे हे कळतं. एक गोष्ट सुरक्षेची: मखराच्या दिवसांत काही ठिकाणी सनबोर्ड लेझरवर कापून देतात, तो पीव्हीसी असतो, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतो, माणसाच्या छातीला वाईट आणि मशीनलाही गंज. चांगला लेझरवाला सनबोर्ड घेतच नाही, राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनवर, पाठवतो. पोर्टलच्या मटेरियलच्या यादीत पीव्हीसी बहुधा नसतोच, तेवढी शिस्त तिकडे जास्त आहे.

पण ऑनलाइनवर सगळं सोपवणाऱ्यांनी शेपवेजचं पुढे काय झालं तेही लक्षात ठेवावं. नुसतं प्रिंटिंगच नाही, जगभरच्या छोट्या डिझायनरांची दुकानं त्यांच्या साइटवर होती, मॉडेल तिथे, भाव तिथे, गिऱ्हाईकही तिथेच. 2024 च्या जुलैमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि ते सगळं एकदम थांबलं, नंतर ती पुन्हा उभी राहिली ती गोष्ट वेगळी, पण मधल्या काळात ज्याची ऑर्डर अडकली त्याने काय करावं? मूळ फाइल आपल्याकडे असली तरी कोणत्या सेटिंगवर, कोणत्या मटेरियलमध्ये तो पार्ट बरोबर निघत होता हे पोर्टलकडेच राहिलेलं असतं.

आणि बऱ्याच पोर्टलचं स्वतःचं मशीन नसतंच. अमेरिकेतलं झोमेट्री 2013 पासून मुख्यतः असंच चालतं, ऑर्डर घ्यायची आणि वेगवेगळ्या वर्कशॉपना वाटायची. उलट प्रोटोलॅब्ज 1999 पासून मुख्यतः स्वतःच्या मशीनवर काम करून देत आलंय. वाटून देणाऱ्या पोर्टलवर तुमचा पार्ट यावेळी एकाने कापला, पुढच्या वेळी दुसऱ्याने, आणि तुमचं कोणाशीच बोलणं नाही. मला हेच खटकतं. कापणारा माणूस तिथेही आहेच, कदाचित मकरपुऱ्यातलाच असेल, त्यालाही रेषेचं कळतं, फक्त त्याला विचारायची वाट ठेवलेली नाही.

सयाजीरावांनी 1890 मध्ये इथे कलाभवन काढलं, तिथे चित्रकला आणि यंत्रकाम एकाच छपराखाली शिकवायचे, दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आखणारा आणि बनवणारा एकमेकांना दिसत राहावेत ही जुनी बडोद्याची सवय आहे आणि मला ती सोडवत नाही, माझ्या मतात तिचाही वाटा असणार.

तर ठरवायचंच असेल तर मी असं म्हणेन, आग्रह नाही. जो पार्ट आत लपणार आहे, ब्रॅकेट, हाउसिंग, स्पेसर, तो बिनधास्त ऑनलाइन टाका. पहिला नमुना, जेव्हा तुम्हालाच अजून माहीत नाही की वस्तू बरोबर आहे का, तोही ऑनलाइन चालेल, कोणाचा वेळ घेतल्यासारखं वाटत नाही आणि भावातून बरंच शिकता. पण लाकूड आलं, डोळ्यासमोर राहणारी वस्तू आली, खाचेत खाच बसायची असेल, तर जवळच्या वसाहतीत जा, बडोद्यात असाल तर नक्कीच जा. पहिल्यांदा जाताना फाइलबरोबर एकास एक मापाची कागदी प्रिंट न्या, त्यावर रेषेची दिशा बाणाने काढा, एक तयार नमुना असेल तर तोही न्या, पुठ्ठ्याचा असला तरी चालेल, कारण वस्तू हातात घेतली की कारागीर ती कशी उभी राहणार ते बघतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो. प्रश्न विचारणारा सापडला की त्याला सोडू नका, दहा-वीस रुपये इकडेतिकडे झाले तरी. फक्त गणपतीच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा सगळी मशीनं मखरांवर असतात आणि छोट्या कामाला कोणी हात लावत नाही, त्या दिवसांत मीसुद्धा काम अडलं तर ऑनलाइनच टाकतो, व्हिनिअर सोडून.