संचालक मंडळापुढे कधीच न गेलेले शेअर

एका तंत्रज्ञान स्टार्टअपमध्ये मी आधीच्या नोकरीपेक्षा बऱ्याच कमी पगारावर रुजू झालो, कारण उरलेला मोबदला शेअरच्या रूपाने मिळेल असे संस्थापकांनी सांगितले होते. ‘कंपनीचा अर्धा टक्का तुमचा,’ असे ते तोंडी म्हणाले आणि ऑफर लेटरमध्ये स्टॉक ऑप्शनचा, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर विकत घेण्याच्या हक्कांचा, भरघोस आकडा आला. त्याच परिच्छेदात ‘संचालक मंडळाच्या मंजुरीच्या अधीन राहून’ असेही लिहिले होते. हे शब्द बहुतेक कंपन्यांच्या पत्रांत असतात आणि प्रामाणिक कंपनीत ती मंजुरी लवकरच मिळते; म्हणूनच फसवणाऱ्यालाही ते सोयीचे पडतात.

मंजुरीनंतर कर्मचाऱ्याला स्वतंत्र पत्र मिळायला हवे. त्यात ऑप्शनची संख्या, शेअर ज्या किमतीला विकत घेता येईल ती किंमत आणि व्हेस्टिंगचे, म्हणजे हे हक्क टप्प्याटप्प्याने हाती येण्याचे, वेळापत्रक असते. मला ते पत्र कधीच मिळाले नाही. विचारले की आधी नव्या गुंतवणुकीचे, मग ऑडिटचे, मग वकिलांचे कारण पुढे येई. दरम्यान एचआर विभाग गुंतवणुकीच्या दर फेरीनंतर एक तक्ता दाखवत असे, ज्यात माझ्या ऑप्शनचे मूल्य वाढतच चाललेले दिसे. रात्री-अपरात्री बंद पडलेला सर्व्हर सुरू करायला बोलावताना ‘आपण सगळेच मालक आहोत’ हे वाक्य ठरलेले असे. (मालकांपैकी फोन मात्र आम्हालाच येत.)

व्हेस्टिंग सामान्यतः ४ वर्षांचे असते आणि पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच हाती येत नाही. या अटीला क्लिफ म्हणतात. तो टप्पा ओलांडून मी राजीनामा दिला. नोकरी सोडल्यावर शेअर विकत घेण्यासाठी अनेक कंपन्या ९० दिवसांचीच मुदत देतात, म्हणून मी तातडीने किंमत विचारली. त्यावर उत्तर आले की माझ्या नावाचा प्रस्ताव मंडळापुढे कधी ठेवलाच गेला नव्हता, त्यामुळे विकत घेण्यासारखे काही अस्तित्वातच नाही.

अर्ध्या टक्क्याचेही गौडबंगालच होते. एकूण शेअर २० लाख असतील तर १०,००० ऑप्शन म्हणजे ०.५ टक्का, पण २ कोटी असतील तर ०.०५ टक्का; आणि एकूण संख्या किती, हे गोपनीय असल्याचे मला सांगण्यात आले. जी कंपनी हा आकडा लेखी देत नाही, तिच्या ऑप्शनची किंमत पगाराची बोलणी करताना शून्य धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मंजुरी खरी असली तरी कंपनीच्या विक्रीत गुंतवणूकदारांचा हक्क बहुधा आधी असतो. गुड टेक्नॉलॉजी या कंपनीचे मूल्यांकन एकेकाळी १०० कोटी डॉलरच्या वर गेले होते; २०१५ साली ब्लॅकबेरीने ती ४२.५ कोटी डॉलरना घेतली, तेव्हा कर्मचाऱ्यांकडच्या साध्या शेअरला गुंतवणूकदारांच्या शेअरच्या तुलनेत अगदीच किरकोळ भाव मिळाला.

वकिलांच्या मते ऑफर लेटरपेक्षा एचआरने पाठवलेले ते तक्ते आणि त्यांसोबतचे ईमेल माझ्या दाव्याला अधिक उपयोगी आहेत. सुदैवाने राजीनाम्यापूर्वीच, कंपनीचे खाते बंद होण्याआधी, माझ्या मोबदल्यासंबंधीचा तेवढा पत्रव्यवहार मी जपून ठेवला होता. कंपनीने आता एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम देऊ केली आहे, मात्र शेअरवर माझा कोणताही हक्क नव्हता असे मी लिहून द्यावे, ही तिची अट आहे. त्या कागदावर मी सही केलेली नाही.